नानांकडे बर्फ

आमच्या बिल्डिंगमध्ये गोष्टी साठायला वेळ लागत नाही. जिन्यात एक सुरू होते, गच्चीवर पोचेपर्यंत तिच्या तीन झालेल्या असतात! त्यातल्या निम्म्या माझ्या दारावरून जातात. मग मी काय कान बंद ठेवू?

गणपती गेले आणि पुढच्याच आठवड्यात मी मासळीबाजारात शेवंतीकडे बांगडे घेत होते. ती शेजारणीला सांगत होती, "सुर्वेनानांकडं बर्फ हाय म्हनं. मुलगा मुंबयसून निघतोय. आता काय, नेनार..."

तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न दाबला. पुढचं गेलं!

सुर्वेनाना म्हणजे आमच्या समोरच्या दारातले. एकटेच राहतात. आमच्याकडे घरात बर्फ आणि मुलगा मुंबईहून निघालेला, म्हणजे माणूस गेलाय आणि तोवर बर्फावर ठेवलाय, हे कुणाला सांगावं लागत नाही. मी बांगडे तिथेच टाकले, रिक्षा केली. रिक्षातूनच पावस गावातल्या त्यांच्या चुलतभावाला, दत्तूभाऊंना, फोन लावला.

दार नानांनीच उघडलं.

"बरी आलीस गो सुमन. बघ, एसीला बर्फ झालाय!"

०००

एसी त्यांच्या मुलाचा, विनयचा. त्याच्या मुंबईच्या घरात नवा आला, म्हणून जुना गेल्या वर्षी गणपतीला येताना गाडीच्या टपावर बांधून आणलान. मुंबईत जुनं झालं की गावाला पाठवायचं, रीतच आहे आपली!

नानांनी भोळेपणाने त्याला फोनवर बर्फाचं सांगितलं. तो म्हणाला, "साधा एसी सांभाळता येत नाही तुम्हाला! शनिवारी येतो न्यायला. बॅग भरून ठेवा."

म्हणजे 'नेणार' हे खरंच होतं. नानांचा चेहरा एवढासा झाला होता. "तिकडं सातव्या मजल्यावर बसून मी कुणाशी बोलू गो?"

एवढ्यात दत्तूभाऊ आले. डोळे लाल, हातात झेंडूचा हार.

"काय रे दत्तू, हार कुणाला?"

दत्तूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "गणपतीला."

"गणपती गेले की रे!"

०००

आमचे हे मदतीला धावले. हातात स्क्रूड्रायव्हर! "खरवडून काढतो."

मी मेकॅनिकला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तो ओरडलाच, "काका, हात लावू नका! आतल्या नळीला भोक पडलं तर सगळा गॅस जाईल. कूलिंग बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा. आपोआप वितळेल."

"मग मी काय करू?"

"बादली धरा!"

आमच्या ह्यांनी दुपारभर बादली धरली. स्क्रूड्रायव्हर मात्र खिशातून काढला नाही.

०००

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. जाळी काढली तर तिच्यावर आपल्या सड्याच्या माळावरची लाल माती, बोटभर. "नाना, ह्यात नाचणी पेरा!"

मग त्याची नजर वर गेली. एसीच्या तोंडापुढे दोरी, दोरीवर पंचा आणि दोन बनियन.

"हे काय?"

"पावसात कपडे वाळत नाहीत रे! हा एवढं वारं सोडतोय, फुकट कशाला घालवू?"

मेकॅनिक खुर्चीवर बसला. "अहो, जाळी मातीने बुजलेली, तोंडाशी पंचा. वारा खेळायचा कुठून? वारा नाही, की आतल्या नळ्या गारठतात आणि बर्फ धरतात."

जाळी धुतली, दोरी सोडली, रिमोट सोळावरून पंचविसावर आणला. एसी छान चालला. पण मला चैन पडेना! शनिवारी विनयसमोर तो नीट चालला तरच नाना इथे राहणार. मी सारखी जाऊन एसीखाली हात धरून बघायची.

"नाडी लागते का गो?" नाना विचारायचे.

०००

शनिवारी विनय आला. वर बघतो तर पुन्हा बर्फ! ना पंचा, ना माती. मी धावत जाऊन मेकॅनिकला बोलावून आणलं.

मेकॅनिकने सगळं उघडून बघितलं. "ह्याचा गॅस कमी झालाय. नळ्या कुजल्यात, गळतायत. आता भरून उपयोग नाही. साहेब, किती जुना आहे हो हा?"

विनय नानांकडे वळला.

"बघू या, बॅग कुठाय तुमची?"

नाना उठले. "जुना एसी इकडं टाकलास, आता जुना बाप तिकडं नेतोस? तुझं तू ने बाबा. माझं मी बघतो."

विनयने वर एसीकडे बघितलं. मग हसायलाच लागला, आणि मेकॅनिककडे त्याने स्टूल मागितलं.

रविवारी गाडी सुटली तेव्हा नाना गॅलरीतून हात हलवत होते, दोरीवरच्या पंच्याच्या वरून.

सोमवारी बाजारात गेले. शेवंतीने आवाज खाली आणला. "काय वैनी, नेलान काय?"

"नेलान."

"अगो बाय! कसा नेलान?"

"कसा म्हणजे? आणला होता तसाच. गाडीच्या टपावर बांधून!"

शेवंतीच्या हातातला बांगडा टोपलीत पडला.