उजवीकडचा फाटका कान

माझे धाकटे दीर आयुष्यात एकदाच कुणाशी भांडले. तेही मोबाइलवर, ज्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती अशा लोकांशी. भांडण एका पाणमांजराच्या कानावरून होतं. भाऊजींना जाऊन आता चार महिने झाले, म्हणून हे लिहून ठेवते.

तरुणपणी ते कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत रंगारी होते. माझे यजमान तिथेच कॅमेऱ्यावर. तेव्हा सगळं हाताने चाले. पारदर्शक शीटवर समोरून काळी रेघ आणि मागून रंग. शीटच्या कडेला तीन भोकं असत. ती कॅमेऱ्याखालच्या खुंट्यांवर बसवायची, रंगाची बाजू खाली ठेवून, आणि एक फोटो घ्यायचा. मग पुढची शीट. भाऊजी इतरांच्या निम्म्या वेगाने रंगवत, म्हणून त्यांना सगळे ‘कासव’ म्हणत. पण कासवाचा रंग कधी रेघेबाहेर गेला नाही.

त्या स्टुडिओची एक मालिका फार गाजली. नायक होता एक नावाडी पाणमांजर, डावा कान फाटलेला. शेवटच्या दृश्यात तो एकटाच धुक्यात नाव घालतो, आणि तिथे फाटका कान उजवीकडे दिसतो. अठरा शीट उलट्या. भाग दाखवून झाल्यावर मालकाच्या लक्षात आलं. तोवर शीट धुऊन दुसऱ्या कामाला लावल्या होत्या, त्यामुळे तपासायला काही उरलं नव्हतं. रंगाऱ्याने चुकून रेघेच्या बाजूनेच रंग लावला, म्हणून रंग खाली ठेवताना शीट उलट्या बसल्या, असं ठरलं आणि कासवाला काढून टाकलं.

“माझ्याच हातून झालं असणार, वहिनी,” एवढंच ते म्हणाले. पुढे तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवले. लग्न केलं नाही. आमच्या मागच्या खोलीत राहिले.

गेल्या वर्षी त्या कार्टूनवरून खरे नट घेऊन नवी मालिका आली, पाठोपाठ व्हिडिओ गेम आला, आणि जुने चाहते खवळले. माझ्या लेकीने भाऊजींना त्या चाहत्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. रोज सकाळी मी भाजी निवडायची आणि ते वाचून दाखवायचे. नव्या मालिकेत कान शेवटपर्यंत डावाच ठेवला, म्हणजे गोष्टीचा जीवच काढला, असं अर्ध्यांचं म्हणणं. गेममध्ये तो उजवा होतो, म्हणून गेमवाले खरे जाणकार. कुणी म्हणे, शेवटी दिसतं ते त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब, नावाडी आधीच बुडालाय. कुणी म्हणे, तो जुळा भाऊ.

“ऐका वहिनी! ‘कानाची बाजू बदलणं ही मृत्यूची खूण आहे.’ कसली डोंबलाची खूण? गाढवाने शीट उलटी रंगवली!”

“कुठल्या गाढवाने?”

“या!” छातीवर थाप मारून ते हसले.

इतकी वर्षं ज्या चुकीपायी ते मान खाली घालून वावरले, तिच्यावर आता हजारो माणसं तावातावाने बोलत होती. त्यांना वाटलं, आपलं काम शेवटी कुणीतरी पाहिलं. त्यांनी ग्रुपवर लिहिलं: त्या शीट मी रंगवल्या, ती माझी चूक आहे.

“काका, गोळ्या घेतल्या का?” एकाने विचारलं. “माझ्या आजोबांनी तर चंद्राला चुना लावला होता,” दुसरा म्हणाला. रंगाऱ्यांची नावं पडद्यावर कधी येतच नसत, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. रविवारपर्यंत पुरावा आणा, नाहीतर चालू लागा, असं त्यांना बजावलं.

ते माझ्याकडे आले. “तुमच्या डायरीत असेल, वहिनी. तुम्ही तर दूध नासलं तरी लिहून ठेवता.”

होतं. कपाट न उघडताही मला ते पान पाठ होतं. ‘आज यांनी सांगितलं, अठरा शीट यांच्याच हातून उलट्या बसल्या. अंगात ताप होता. मालकांना रंगाऱ्याचं नाव सांगितलं. आपलं मूल येतंय, भाऊजींना कळू देऊ नकोस, म्हणाले.’ मिशनच्या शाळेत सिस्टर सांगत, शाईने लिहिलेलं खरवडायचं नाही. चुकलं तर एक रेघ मारा, पण खालचं वाचता आलं पाहिजे. मी त्यावर रेघही मारली नव्हती.

भाऊजींना धक्का बसेल म्हणून लपवलं, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. ते खोटं. मला भिंतीवरचा माझ्या गेलेल्या नवऱ्याचा फोटो जपायचा होता.

“त्या वर्षीच्या डायरीला ओल लागली, भाऊजी. पानं चिकटलीत.”

“तुमच्या डायरीला ओल?” ते माझ्याकडे बघत राहिले. “मग जगबुडीच झाली म्हणायची.”

रविवारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं: ‘म्हाताऱ्याचा घोटाळा झाला, माफ करा.’ त्यावर दोनशे जण हसले. एकाने नीट झोप घ्यायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा मोबाइल घेऊन आले.

“वहिनी, सापडला त्यांना.”

“कोण?”

“कान फिरवणारा. पडद्यावर कॅमेरामन म्हणून दादाचं नाव आहे ना, ते कुणीतरी वाचलं. म्हणतात, या माणसाने मुद्दाम केलं, केवढी दृष्टी! माझं आडनाव तेच, म्हणून मला विचारतायत, नात्यातले का. फोटो हवाय.”

“तुम्ही काय लिहिलंत?”

“लिहिलं, माझा थोरला भाऊ. मोठा कलावंत होता.” मग जरा हसले. “चूक माझी, नाव दादाचं. असू दे, घरातच राहिलं.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी उठले आणि भिंतीवरचा फोटो काढला. काचेवर धूळ होती. भाऊजींनी ती सदऱ्याच्या बाहीने पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकही डाग न ठेवता, शीट पुसायचे तशी. मग मोबाइल डोळ्यांसमोर धरला.

“सरळ धरा, वहिनी. तिरका दिसतोय.”

मी सरळ धरला.