बदलीची बाई

कॉलेजात समाजशास्त्र शिकवताना ‘सॉलिडॅरिटी’ या शब्दावर मी दरवर्षी अख्खा तास घालवायची. एकजूट म्हणजे मोर्चात एका सुरात दिलेल्या घोषणा नव्हेत, असं ठणकावून सांगायची. शब्दाचं मूळ पार रोमन कायद्यात. चौघांनी मिळून एखादी जबाबदारी घेतली, तर ती चौघांत वाटली जात नाही; प्रत्येक जण सगळ्या जबाबदारीला बांधील. एक आडवा पडला की उरलेल्यांनी पूर्ण निभावायचं. मुलं माना डोलवायची आणि मी खूश.

घरी मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान!

उलव्याला आमच्या सोसायटीत जासईहून चार बायका एकाच रिक्षाने धुण्याभांड्याला यायच्या. त्यातली एक माझ्याकडे. एखादी आजारी पडली की बाकीच्या तिघी तिची घरं आपापसांत उरकायच्या, म्हणजे कुणाचंच काम सुटत नसे. मला ते अजिबात आवडायचं नाही. एकीला गाळणं कुठे ठेवायचं ते शिकवावं, तर दुसऱ्या दिवशी दारात भलतीच! तक्रार केली की हसून म्हणायच्या, ‘ती आली काय नि मी आली काय, भांडी निघाल्याशी मतलब ना, ताई?’

सोसायटीने गेटवर मोबाइल अ‍ॅप आणलं. एका घराला एकच बाई, फोटोसकट. दुसरी आली तर घरून परवानगी हवी. मीटिंगमध्ये पहिला हात माझा वर गेला.

दोनेक महिन्यांनी माझ्या बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. तिच्या जागी त्या तिघींतली एक आली. वॉचमनचा फोन, ‘मॅडम, बदलीची बाई आहे, सोडू का?’ मी नेमकी ‘सॉलिडॅरिटी’च्याच तासाची टिपणं काढत बसले होते. नियम म्हणजे नियम, नको सोडू म्हटलं. हो म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण नाही! तिच्या बाकीच्या चार घरांनीही तेच केलं. आठवडाभरात सिंक भरून वाहायला लागलं, तशी मी दुसरी बाई लावली.

महिन्याने माझी आधीची बाई पोटावर हात धरून आली; वॉचमनने ओळखीवर सोडलं असावं. एव्हाना पाचही घरं गेली होती. दारातूनच तिला आत भांडी घासणारी नवी बाई दिसली. ‘बरं,’ एवढंच म्हणाली आणि जिना उतरली. मी साधं पाणीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या तिघीही हातातली चांगली घरं सोडून गेल्या.

गेल्या महिन्यात ती बाजारात दिसली. फुटपाथवर सुकी मासळी घेऊन बसली होती, शेजारी त्या तिघींपैकी एक. मी धीर करून म्हटलं, ‘चुकलंच माझं. त्या दिवशी हो म्हणायला हवं होतं.’

तिने सुकट चाळता चाळता वर पाहिलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

‘जाऊंद्या, ताई. आमी तं चौघीजनी होतो. तुमी एकट्या. तुमी काय करनार?’