रामटेके सिस्टरच्या गाडीचं ऑइलसील

सौंसरच्या सुमन रामटेके सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या, तरी समोर आलेल्या कुठल्याही वस्तूवर आधी संशय घ्यायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याचं माप त्या स्वतः धरत. मेडिकलवाला गोळ्या देई, तेव्हा त्याच्यासमोरच पाकीट उलटसुलट करून बघत. नवरा मनोहर यावरून चिडवत असे. तो गेल्यावर त्याची चारचाकी गाडी सुमनबाईच चालवू लागल्या.

थंडी सरता सरता गाडीतून जळक्या तेलाचा वास येऊ लागला. सौंसरच्या एका मिस्त्रीने इंजिनवरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. वास गेला नाही. तेव्हा बाईंनी गाडी थेट पांढुर्ण्याला प्रवीणच्या गॅरेजवर आणली. प्रवीणने टॉर्चचा उजेड पाडून इंजिनच्या बाजूला बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट त्यांना दाखवलं.

"कॅमशाफ्टचं सील गेलं सिस्टर, तेल अडवणारं रबर. तेल तिथून येऊन राहिलं. टायमिंग बेल्ट उतरवा लागते."

"मागचा मिस्त्री पॅकिंग म्हणे, तू सील म्हणतोस. उद्या तिसरा आणखी काही म्हणन."

"पटत नसन तर नेऊन टाका. मी काई बोलावलं नवतं."

सुमनबाई गाडी घेऊन गेल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि गाडीसमोर बसल्या.

प्रवीणने बॅटरीची तार सोडली, प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, दातेरी चाकावरची खूण इंजिनवरच्या खुणेशी जुळवली आणि तिथे पांढऱ्या रंगाने रेघ मारली.

"हे कायले?"

"बेल्ट परत बसवताना एक दात जरी चुकला, तर इंजिन बिघडते. म्हणून."

बेल्ट हातात आला, तो तेलाने माखलेला होता. तो बदलावा लागेल म्हटल्यावर बाईंनी डोळे बारीक केले. एक काम सांगायचं आणि दुसरं त्यातून काढायचं, हे त्यांनी दवाखान्यातही पाहिलं होतं. त्यांनी बेल्ट मागून घेतला. रबर फुगून मऊ पडलं होतं. त्यांनी तो परत दिला.

मग चाक निघालं आणि त्यामागचं सील दिसलं. शाफ्टला ओरखडा येऊ नये म्हणून प्रवीणने ते फार जपून उचकटलं. कडक झालेली ती काळी चकती बाईंनी मागून घेऊन रुमालात बांधली. प्रवीणने सकाळी दुकानातून आणलेल्या मालातलं एक पाकीट फाडलं, नवीन सीलच्या ओठाला, म्हणजे आतल्या पातळ कडेला, बोटाने तेल लावलं आणि ते जागेवर टेकवलं.

"थांब. दे इकडं."

"तुमाले काय वाटते, मी जुनाच माल लावून राहिलो?"

"तेच वाटते."

एकदा कुणाचं बाळंतपण करताना बाईंच्या हातातला ग्लोव्ह फाटला होता. बाहेरून नवा, पण ठेवून ठेवून रबर मेलेलं. तेव्हापासून रबर वाकवून बघितल्याशिवाय त्या वापरत नसत. त्यांनी सील उन्हात धरून अंगठ्याने ओठ दुमडला. बारीक बारीक चिरा उघडल्या.

प्रवीणने ते हातात घेतलं. त्याचा चेहराच बदलला. "हे तर आजच आणलं मी. पाकीट तुमच्यासमोर फाडलं."

त्याच्या आवाजावरून बाईंना पहिल्यांदा वाटलं, की हा खोटं बोलत नसावा. पण दुकानदाराशी याचं साटंलोटं असेल तर? तो दुकानात निघाला, तशा त्याही मोटारसायकलवर मागे बसल्या.

दुकानदार म्हणाला, "माल ताजा आहे." बाईंनी दुसरं पाकीट उघडायला लावलं, मग तिसरं. सगळ्यांना तशाच चिरा. दुकानदार चिडू लागला, तेव्हा प्रवीणच म्हणाला, "आतल्या खोक्यातलं काढ ना भाऊ. माझं नाव खराब होते." आतलं सील वाकवलं, तसं पुन्हा सरळ झालं. बाईंनी मान हलवली.

परत आल्यावर प्रवीणने मोठ्या गोटीपान्याचं गोल तोंड त्यावर ठेवून ते सगळीकडून सारखं ठोकून बसवलं, नवा बेल्ट चढवला, खुणा जुळवल्या आणि हातानेच इंजिन पूर्ण फिरवून पाहिलं. मग दोघं गाडीने जवळच्या तिगावपर्यंत जाऊन आले. येताना गाडीत वास नव्हता. बोनेट उघडून बाईंनी बोट फिरवलं. कोरडं.

"सिस्टर, मले उद्या पुन्हा त्याच दुकानात जायचं आहे. तो आता मले ओळख तरी दाखवन का?"

"दाखवन. अन् चांगला मालही देईन."

प्रवीण हसला नाही, पण त्याने टपरीवरून दोन चहा मागवले. आपण त्याच्यावर उगाच आळ घेतला, असं बाईंना वाटत होतं. तसं म्हणायला मात्र जीभ वळेना. त्यांनी चहा घेतला, दूध पातळ आहे म्हणाल्या आणि तरी पूर्ण प्यायला.

हल्ली सौंसरात कोणी मिस्त्री विचारला, तर त्या सांगतात, "पांढुर्ण्याचा प्रवीण चांगला आहे. पण समोर बसून करून घ्या."