अर्जुनाची साल आणि मामाची गोळी

आधी माफी मागतो. आपल्या वाचनालयाच्या हस्तलिखितात लांबचे प्रवास करून आलेली माणसं लिहितात. मी फक्त मुरबाडहून भिवंडीला गेलो, तेही दोन दिवसांसाठी. शिवाय मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही. पण आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या बोलण्याला घरात नको तितकं वजन आहे. त्यापायीच मला जावं लागलं.

वनस्पतींच्या अर्कांचा कोलेस्टेरॉलवर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. दिवाळीत मामा गावी आला तेव्हा मी त्याला अर्जुनाच्या सालीबद्दल भरभरून सांगितलं आणि ओढ्याकाठच्या झाडाची साल पिशवीभर दिली. मामा भिवंडीत कामतघरला लूमवर (यंत्रमागावर) आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं, तेव्हापासून त्याला कोलेस्टेरॉलची गोळी आहे. दिवाळीनंतर महिन्याभराने मामीचा फोन आला.

"तुज्या मामानं गोळी बंद केलीय. म्हणतो, भाच्यानं सांगितलंय, साल हाय ना."

मी असं सांगितलं नव्हतं. पण असं करू नको, हेही सांगितलं नव्हतं.

कल्याणला एसटी बदलून दुपारी भिवंडीत उतरलो. कामतघरच्या गल्लीत रिक्षा वळली तशी खटखट सुरू झाली. दोन्ही बाजूंना कारखाने, आणि आवाज असा की रिक्षावाल्याशी खुणांनी बोलावं लागलं. दारादारात कांड्यांचे (धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्यांचे) ढीग होते. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. घरी पोचेपर्यंत माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

मामाची त्या आठवड्यात रातपाळी होती, म्हणून तो झोपला होता. मामीने तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. "तेल कमी घातलंय, डॉक्टरीण बोलली म्हणून," ती म्हणाली. "चव न्हाय लागत ना?"

लागत होती. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

चारच्या सुमारास मामा उठला. मी धीर करून विषय काढला. साल उपयोगी असेल, पण झालेले अभ्यास लहान आहेत, ती गोळीच्या जागी घ्यायची नसते, असं वहीत बघून सांगितलं.

"वही ठेव," मामा हसला. "दोन वर्षं गोळी खाल्ली. दर रिपोर्टात आकडा वरच. मग कशाला खायची? चल, साल संपलीय. निजामपुऱ्यात मिळते."

निजामपुऱ्याच्या अरुंद बाजारात जडीबुटीचं एक छोटं दुकान आहे. दुकानदार चाचा सत्तरीचे. मेथीदाणे, इसबगोल, सुकवलेला आवळा, सगळं गोणपाटांत उघडं मांडलेलं. मामाने साल मागितली. मी चाचरत विचारलं, "चाचा, कोलेस्टेरॉलसाठी नुसती सालच घेतली तर चालेल का?"

चाचांनी माझ्या वहीकडे पाहिलं. मग गल्ल्याशेजारची डबी उघडून गोळ्यांची पट्टी दाखवली. "बेटा, छाल मैं बेचता हूँ. गोली मैं खुद खाता हूँ."

मामाने साल घेतलीच नाही. परतताना म्हणाला, "उद्या पाळी सुटली का डॉक्टरणीकडं जाऊ. तू बोल, मी न्हाय."

सकाळी आठला मामा सुटला, तो अंगावरचं सूत झटकत तसाच दवाखान्यात आला. बाकावर बसल्या बसल्या पेंगत होता. डॉक्टरबाईंनी जुने रिपोर्ट पाहिले. माझी कबुली ऐकली आणि रागावल्या नाहीत. मामाला एकच प्रश्न विचारला.

"आधी गोळी रोज घेत होता?"

"रोज. दिवसपाळी असली का रोज."

"आणि रातपाळीला?"

"रातपाळीला कशी घेणार? रात्री झोपताना घ्यायची गोळी हाय ती, म्हंजे झोपेचीच. लूमसमोर डुलकी लागली तर हात जाईल माझा."

एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. म्हणजे दोन वर्षं मामाने निम्मीच गोळी घेतली होती. हयगय म्हणून नव्हे, हात शाबूत राहावेत म्हणून.

"दादा, ही झोपेची नाही," बाई म्हणाल्या. "रातपाळी असेल तेव्हा सकाळी घरी गेल्यावर, झोपण्याआधी घ्या. पण रोज घ्या. सालीचा काढा सध्या थांबवा. पुन्हा घ्यावासा वाटला तर आधी मला विचारा, दोन्ही एकत्र चालतील का ते बघावं लागतं." मग माझ्याकडे वळल्या. "मेथी, लसूण जेवणात असू दे. त्याला माझी ना नाही."

बाहेर आल्यावर मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. "ही रातपाळी तुज्या पुस्तकात न्हवती का रं?"

नव्हती. अर्क कसा काढतात ते पुस्तकात होतं. तो पिणारा माणूस कोणत्या पाळीला असतो, ते नव्हतं.

परतीच्या एसटीत मी प्रकल्पाची प्रस्तावना खोडून पुन्हा लिहायला घेतली. ज्यांनी मला शिकवलं त्यांची नावं तिथे द्यायची असतात. मामी, चाचा, डॉक्टरबाई यांचा उल्लेख चालेल का, हे सरांना विचारायचं ठरवलं. गाव येईपर्यंत एवढंच सुचलं.

त्यानंतर तीन महिने मी वाट पाहिली. फोन केला की मामी म्हणायची, "घेतोय, घेतोय, रिपोर्ट यायचाय." काल संध्याकाळी मामाचाच फोन आला. मागे लूम चालू होते, म्हणून तो ओरडूनच बोलत होता. आकडा खाली आलाय. डॉक्टरबाई खूश आहेत. आणि त्याने कारखान्यात विचारलं, तर त्याच्याच पाळीतले आणखी तिघे रातपाळीला गोळी बंद ठेवत होते. आता चौघेही सकाळी सुटल्यावर घरी जाऊन आधी गोळी घेतात, मग झोपतात.