आबांच्या मोटरीचा नंबर

भोकरच्या बाजूला आमच्याच गावाजवळच्या सबस्टेशनमध्ये मी ऑपरेटर आहे. लोकांना वाटतं, मी वीज देतो. खरं तर मी फक्त बटणं दाबतो आणि शिव्या खातो. वीज काही कणगीत भरून ठेवता येत नाही. जेवढी तयार होते तेवढीच त्या घटकेला खपावी लागते, आणि भिंतीवरच्या मीटरवरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा पन्नासच्या आसपास राहावा लागतो. मागणी वाढून तो घसरला की वरून फोन येतो, ‘लोड कमी करा’. मग कुणाचा तरी फीडर, म्हणजे त्या बाजूची लाइन, बंद करायचा आणि आपला मोबाइल उचलायचा नाही, हा माझा नेम.

पण गेल्या हिवाळ्यात दुखणं वरचं नव्हतं, आमच्या गावचंच होतं. शेतीची वीज सकाळी साडेआठला यायची. मोटरीपर्यंत चालत जायला नको म्हणून प्रत्येकाने स्टार्टरच्या पेटीत ऑटो बसवला होता. वीज आली की मोटर आपोआप सुरू. एकाची सुरू झाली तर ठीक, पण गावातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठायच्या. मोटर उठताना एरवीच्या कितीतरी पट वीज ओढते. दोन महिन्यांत गावची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दोनदा जळाली. नवी मिळायला दर वेळी दहा-बारा दिवस लागले. आता गहू चिकात होता, दाणा भरत होता. तिसऱ्यांदा जळाली असती, तर ओंब्या पोचट निघाल्या असत्या.

म्हणून मी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावलं. ऑटो काढा, मोटरी पाळीपाळीने लावा, दोन मोटरींत दोन मिनिटं जाऊ द्या, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ‘एवढं साधं कळत नाही का?’ असंही म्हणालो. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “सायेब, तुमच्या आबाच्या पेटीत काय बसवलंय, ते बी सांगा की!”

पार हसला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी माझी गत झाली. आबांच्या पेटीतला ऑटो मीच बसवला होता. वडिलांचे गुडघे गेलेले, विहीर ओढ्यापलीकडे, आणि मी सकाळी ड्युटीवर. शिवाय माझ्या एकट्याच्या ऑटोने काय बिघडतंय, असं मला वाटलं होतं. गावातल्या प्रत्येकाला हेच वाटत होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फार लाज वाटली.

आबा तिथेच बसले होते. तंबाखू मळत म्हणाले, “उद्या सकाळी काढून टाक.”

“आबा, आणि गुडघे?”

“गुडघे माझे हायेत. डीपी समद्यांची हाय.”

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी मी ऑटो काढला. आदल्या दिवशी पारावर बसून पाळीची यादी केली, तेव्हा आबांची मोटर पहिली ठेवली होती, म्हणजे ती लावून लवकर घरी येतील. आठ वाजता विहिरीवरून त्यांचा फोन आला.

“माझा नंबर शेवटी टाकलाय म्या. गड्यांना सांगितलंय तसं.”

“तासभर बसावं लागेल तिथं!”

“बसतो की. ऑपरेटरचा बाप पयला आला तर दुसऱ्यानं कशाला थांबावं?”

साडेआठला मी फीडर सुरू केला. एरवी लोडच्या मीटरचा काटा एकदम उडी मारायचा आणि धडाम करून फीडर ट्रिप व्हायचा, आपोआप बंद पडायचा. त्या दिवशी तो हळूहळू सरकत गेला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मी चहा मागवला आणि प्यायचाच विसरलो.

साडेनऊनंतर पुन्हा फोन आला. मागे मोटरीचा आवाज होता. “लावली. पानी आलं,” आबा म्हणाले. मी काहीतरी बोलायला गेलो, तोच “ठेव आता, ड्युटीवर हायेस ना तू?” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

एकट्या मोटरीने माझा काटा हलत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिलो.