ठराव कुणी लिहिला?

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदराच्या मासळी कारखान्यात ग्लेनिस ब्लँचर्डने एकतीस वर्षं कॉड मासा साफ केला. १९७९ साली बायकांना कपडे बदलायला कडीची वेगळी खोली हवी म्हणून तिने नऊ दिवस काम बंद पाडलं. युनियनच्या पुरुषांनी आधी ते हसण्यावारी नेलं, मग तिलाच प्रतिनिधी केलं. पुढं ती डाव्या पक्षाच्या वॉर्ड शाखेची चिटणीस झाली. बावीस वर्षं सभांचं इतिवृत्त तिच्याच हातचं.

२०१८च्या वसंतातल्या सभेत शाखेची नवी अध्यक्ष इमोजेन हिने एक ठराव मांडला. जी व्यक्ती स्वतःला स्त्री म्हणेल तिला सगळीकडं स्त्रीच धरावं. पक्षातल्या स्त्रियांच्या राखीव जागांपासून घरच्या मारहाणीतून सुटलेल्या बायकांच्या आश्रयगृहापर्यंत.

ग्लेनिसने विचारलं, "आश्रयगृहातल्या बायकांना कुणी विचारलंय का?"

"हा माणुसकीचा प्रश्न आहे, ग्लेनिस. ह्यावर चर्चा नसते."

"अगं बाई, कचऱ्याच्या डब्यांवर आपण दोन तास भांडतो, आणि ह्यावर चर्चा नाही?"

कुणी हसलं नाही. सगळे एकमेकांकडं बघत हात वर करत होते. शेजारी बसलेली ब्रेंडा, तिची कारखान्यापासूनची मैत्रीण, तिनेही केला. दाराजवळच्या रोवेनानेही केला. रोवेना पूर्वी पुरुष म्हणून मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी होती. बाई म्हणून राहू लागली तेव्हा बंदरावरच्यांनी तिची टर उडवली होती, आणि ग्लेनिसने त्यांना भर पबमध्ये झापलं होतं. तेव्हापासून दर शनिवारी दोघी एकत्र फिश अँड चिप्स खात.

घरी इतिवृत्त लिहिताना ग्लेनिसचा पेन अडखळला. ठरावातलं एक लांबलचक वाक्य तिने आधी कुठंतरी वाचलं होतं. तिने खण उपसले. युनियनच्या पत्रकात तेच वाक्य होतं. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, नव्या नियमावलीतही तेच, स्वल्पविरामासकट. कुठंतरी पाणी मुरत होतं.

महिनाभर ती फोन करत राहिली. निघालं ते एवढंच: एक संस्था पक्ष, युनियन, कौन्सिल अशा तिन्ही ठिकाणी ह्या विषयाचं प्रशिक्षण देत होती, वर कोण किती पुढारलेलं ह्याचे गुण देऊन यादीही लावत होती. यादीत खाली कुणालाच राहायचं नव्हतं. "तुम्ही हे वाचलं होतं का?" असं तिने कौन्सिलच्या साहेबाला विचारलं, तर तो म्हणाला, "युनियनने मान्य केलंय म्हटल्यावर आम्ही काय वाचायचं?" युनियनवाल्यांनी पक्षाकडं बोट दाखवलं. कारस्थान सापडलं असतं तर बरं वाटलं असतं. सापडले ते फक्त घाबरलेले लोक.

मग पक्षाचं पत्र आलं. एका सदस्याने तक्रार केली होती. चौकशी होईपर्यंत ग्लेनिस निलंबित. तक्रारदाराचं नाव गुप्त. पण पत्रात एक वाक्य होतं, जे ती खासगीत बोलली होती: "शब्दाने माणूस बदलत नाही." हे ती दोघींसमोरच बोलली होती, ब्रेंडा आणि रोवेना. ब्रेंडावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या हातावर घेण्यासारखं. उरली रोवेना.

शनिवारी ती गेली नाही. पुढच्याही नाही. रोवेना बाजारात भेटली, म्हणाली, "काय गं, रुसलीस?" ग्लेनिस म्हणाली, "लेखी तक्रार करणाऱ्यांशी मी तोंडी बोलत नाही." रोवेनाचा चेहरा उतरला. ती निघून गेली.

अकरा महिने सुनावणी नाही. शेवटी प्रकरण बंद झाल्याचं दोन ओळींचं पत्र आलं. त्याच आठवड्यात ब्रेंडा केक घेऊन आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागली.

"मी केली तक्रार. कौन्सिलची उमेदवारी होती गं. इमोजेन म्हणाली, तू तिची मैत्रीण, तक्रार केली नाहीस तर उमेदवारांतून तुझंही नाव जाईल."

"मिळाली ना उमेदवारी?"

"मिळाली."

"मग केक उचल आणि नीघ."

दुपारीच ती रोवेनाच्या दारात उभी राहिली. रोवेनाने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"चुकले मी," ग्लेनिस म्हणाली. "मला वाटलं, ठराव तुझ्यासारख्यांसाठी आहे, म्हणजे तूच..."

"माझ्यासाठी? मला कुणी विचारलं? लिंगबदलाच्या उपचारांसाठी दवाखान्याच्या यादीत मी चार वर्षं ताटकळतेय, त्यावर एक ठराव नाही. हात वर केला, कारण सगळे माझ्याकडं बघत होते."

"मग बोलायचं ना सभेत!"

"तू बोललीस, तुझं काय झालं? आणि ऐक, तुझं ते वाक्य मला लागलं होतं. तरी मी कुणाला सांगितलं नाही. तू मात्र सरळ मला धरलंस."

वाक्य मागे घेणं ग्लेनिसला जमणार नव्हतं. तसं ती खरंच मानत होती. पण महिनाभर सगळ्यांचे कागद तपासणारी ती, अकरा महिन्यांत एका माणसाला साधा प्रश्न विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

तिने चिटणीसपद पुन्हा घेतलं नाही. रोवेना आता रस्त्यात भेटली की थांबते, हवापाण्याचं बोलते. शनिवारच्या फिश अँड चिप्सचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नाही.