डावा स्पीकर

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर ऑपरेटरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच एक चैन केली. अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि त्याला जोडायला दोन चांगले दणकट स्पीकर. उभी हयात दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली होती. आता आपल्यासाठी काहीतरी ऐकायचं, असं त्यांच्या मनात होतं. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरात हाका तरी ऐकू यायच्या. ती गेल्यावर संध्याकाळची गाणी, तेवढाच काय तो घरातला आवाज.

हल्ली मात्र डावा स्पीकर मंदावत चालला होता. भिंतीपलीकडून कुणी गावं तसा. शेवटी बाईंनी मेकॅनिकला फोन लावला.

"मावशी, बॅलन्सचं बटण मधोमध आहे ना?"

"आहे."

"मग आवाजाचं बटण दोन-चारदा गरागरा फिरवा. आत धूळ बसते."

फिरवलं. फरक शून्य.

"बरं, मशीन बंद करून मागच्या वायरी अदलाबदल करा. आवाज उजवीकडे कमी झाला तर दोष मशीनमध्ये. डावीकडेच राहिला तर स्पीकरमध्ये."

डावीकडेच राहिला. पण बाई इतक्यात हार मानणाऱ्या नव्हत्या. धापा टाकत त्यांनी स्पीकरचे खोकेच इकडचे तिकडे केले. आता चांगला स्पीकर डावीकडे होता, आणि तोच कुजबुजत होता. त्यांनी पुन्हा फोन केला तेव्हा मेकॅनिकने हात टेकले.

"असं होतच नाही, मावशी. उद्या येऊन बघतो."

तो आला. एकेका स्पीकरला कान लावून ऐकलं.

"दोन्ही ठणठणीत आहेत."

"थट्टा करता का माझी?"

तो बाईंच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, मग थोड्या वेळाने समोर आला.

"मी आत्ता काय म्हणालो?"

"कधी?"

मेकॅनिकचा चेहरा उतरला. "मावशी, जरा स्पीकरकडे पाठ करून बसता?"

बाई बसल्या. आता दुसराच स्पीकर मंद झाला होता. बाईंना समजवावं लागलं नाही. दोष कुठल्या लाइनवर आहे हे ओळखणं तर त्यांच्या नोकरीतलं रोजचंच काम होतं. त्यांनी हळूच डाव्या कानावर हात ठेवला.

"कधीपासून असेल हो हे?"

"कुणाशी बोलताना लक्षात नाही आलं?"

बाई विचारात पडल्या. फोन त्या उजव्या कानाला लावत. दूधवाला दारात समोर उभा राहून बोलायचा. शेजारी बसून बोलणारं माणूस मात्र आई गेल्यापासून घरात नव्हतंच.

"नाही आलं लक्षात," एवढंच त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता परत येणार नाही. भाचा फोनवर म्हणाला, "जपून राहा गं मावशी, रस्ता ओलांडताना वगैरे." आणि त्याला घाई होती.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक न बोलावताच आला. त्याने अ‍ॅम्प्लिफायरवरचं एक छोटं बटण दाबलं. "याने दोन्हीकडचं गाणं एकत्र होतं. तुमच्या उजव्या कानाला आता सगळं ऐकू येईल. काही सुटायचं नाही."

खरंच सगळं आलं. कित्येक दिवस हरवलेलं व्हायोलिनसुद्धा. पण पूर्वी डोळे मिटले की गाणारी बाई खोलीच्या मधोमध उभी असायची; आता सगळा मेळा उजव्या बाजूला गर्दी करून उभा होता, आणि उरलेली खोली रिकामी.

"छान झालं," बाई म्हणाल्या. "बसा ना, चहा टाकते."

"आज नको मावशी, अजून दोन घरी जायचंय."

"दोन मिनिटांचं तर काम आहे."

त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे. पिशवी खाली ठेवली आणि तो बसला. डावीकडच्या खुर्चीवर.

"तिथे नको," बाई म्हणाल्या. "इकडे या."